सेटर की सिस्टीम? मशीन शॉपमधली पहिली नोकरी निवडताना

डिप्लोमा मेकॅनिकल झालेल्यांच्या हातात चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबडच्या वाहनसुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून साधारण दोन प्रकारची पत्रं पडतात. एकावर लिहिलेलं असतं ‘सीएनसी सेटर कम प्रोग्रामर’, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन मापाला लावणारा, आणि दुसऱ्यावर ‘क्यूएमएस इंजिनिअर’, म्हणजे गुणवत्तेची सिस्टीम सांभाळणारा. घरच्यांचा कौल बहुधा दुसऱ्याला असतो. जनरल शिफ्ट, टेबल-खुर्ची, कपड्यांना कूलंटचा वास नाही. मित्रमंडळी पहिल्याकडे ओढतात, कारण ‘हातात काम असलं की कुठेही मरण नाही’. दोघांच्याही डोक्यात नोकरीचं नाव असतं. दिवसभर नेमकं काय करायचं, हे कुणीच विचारलेलं नसतं.

त्यापेक्षा एकच जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा एक तुकडा, घेऊ आणि दोन्ही माणसं त्याच्याशी काय करतात ते बघू. साधा शाफ्ट, व्यास २५ एच ७ (शाफ्टसाठीचा लहान h). म्हणजे वरची मर्यादा २५.००० मिमी, खालची २४.९७९. एकूण टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, २१ मायक्रॉन. फिनिश आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) १.६ मायक्रॉन. सीएनसी टर्निंग सेंटरवर चालणारा, रोजचा म्हणावा असा माल.

सेटरचं काम सॉफ्ट जॉपासून, म्हणजे जॉब धरणाऱ्या चकच्या मऊ जबड्यांपासून, सुरू होतं. जॉ बोअर करताना चकमध्ये रिंग किंवा प्लग धरायचा आणि ज्या हायड्रॉलिक दाबावर जॉब धरणार त्याच दाबावर बोअर मारायचा. दाब वेगळा ठेवला की प्रत्यक्ष जॉब धरताना जॉ किंचित वेगळे उघडतात आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब फिरताना हेलकावतो. बोअर मोठा झाला तर जॉ फक्त मधोमध टेकतो, लहान झाला तर कडांवर टेकून जॉबवर व्रण उमटवतो. पातळ भिंतीचा जॉब असेल तर आणखी एक फसगत असते. तीन जॉच्या दाबाने तो दबतो, दबलेल्या अवस्थेत गोल कापला जातो आणि चक सोडल्यावर तीन पाकळ्यांचा होतो. गंमत अशी की साध्या दोन-बिंदू मायक्रोमीटरला हे दिसत नाही. कुठूनही मोजा, व्यास सारखाच येतो. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला की काटा हलतो. ‘माझ्याकडे ओके, ग्राहकाकडे रिजेक्ट’ या भांडणांमागे कितीदा तरी एवढंच असतं.

मग टूल. समजा सीएनएमजी १२०४०८ इन्सर्ट (कापणारी बदलती टिकली) आहे. शेवटचे ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. फीड ०.२ मिमी प्रति फेरा ठेवला तर फीडचा वर्ग भागिले रेडियसच्या आठपट या हिशेबाने शिखर ते दरी उंची सव्वासहा मायक्रॉन येते आणि आरए ढोबळमानाने त्याच्या चौथ्या हिश्शाजवळ, म्हणजे १.६ च्या काठावर. आता स्टोअरमध्ये ०८ संपले आणि कुणीतरी ०४ लावला. रेडियस निम्मा, त्यामुळे उंची दुप्पट, साडेबारा मायक्रॉन. फिनिश गेलं. हिशेब माहीत नसलेला माणूस आरपीएमशी खेळत बसतो. माहीत असलेला फीड ०.१४ वर आणतो आणि सायकल टाइम किती वाढला तेही सांगतो. शिवाय तो ऑफसेट पानावरचा रेडियसचा आकडाही ०.८ चा ०.४ करतो. तो बदलायचा राहिला तर सरळ व्यास बरोबर येतात पण टेपर आणि गोलाई चुकतात, आणि चॅम्फर नीट मोजायची सवय नसलेल्या लाइनवर ती चूक थेट ग्राहकाकडे जाते.

सर्वांत जास्त माल ज्यात वाया जातो ती गोष्ट मात्र याहून साधी आहे, ती म्हणजे वेअर ऑफसेट, टूलच्या झिजेसाठी कंट्रोलला दिलेली मापाची दुरुस्ती. फानुक कंट्रोलवर ऑफसेट टाकताना ‘इनपुट’ आणि ‘प्लस इनपुट’ अशा दोन सॉफ्ट की असतात. पहिली जुना आकडा पुसून नवा लिहिते, दुसरी जुन्यात मिळवते. वेअरमध्ये आधीच उणे ०.०३० आहे, व्यास आणखी १० मायक्रॉन कमी करायचाय, म्हणून उणे ०.०१० टाइप केलं आणि घाईत ‘इनपुट’ दाबलं. आता वेअर उणे ०.०१० झाला. जॉब १० मायक्रॉनने लहान व्हायचा तो २० ने मोठा झाला. इथे माल जाड निघाला, पुन्हा कापून वाचेल. हीच चूक बोअरमध्ये झाली तर बोअर लहान राहतो, तोही वाचतो. पण जमा असलेल्या आकड्याचं चिन्ह उलट असेल तर थेट स्क्रॅप. रात्रपाळीत साडेतीन वाजता ही चूक होते, आणि ती ट्रेनिंगच्या रजिस्टरवर सही घेऊन थांबत नाही.

आता उष्णतेकडे या. मला वाटतं दोन्ही नोकऱ्यांचा खरा सांधा इथेच आहे.

पोलाद एक मीटर लांबीला प्रत्येक अंशामागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास प्रसरण पावतं. २५ मिमी व्यासाचा जॉब मशीनमधून काढताना खोलीपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर तो सुमारे ४ मायक्रॉन मोठा मोजला जातो. सेटर गरम जॉब मोजतो, मधला आकडा म्हणजे २४.९९० दाखवतोय म्हणून समाधानी होतो. गार झाल्यावर तोच जॉब २४.९८६ असतो. तरीही मर्यादेत आहे, मग काय बिघडलं? एका जॉबचं काहीच बिघडलं नाही. लॉटचं बिघडलं. समजा या मशीनचा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मापांच्या पसाऱ्याचा आकडा, अडीच मायक्रॉन आहे. तर सीपी, म्हणजे टॉलरन्स भागिले डेव्हिएशनच्या सहापट, इथे २१ भागिले १५, साधारण १.४. सरासरी बरोबर मधोमध असेल तर सीपीकेही (सरासरी सरकलेली धरून काढलेला सीपी) १.४. सरासरी ४ मायक्रॉन खाली सरकली की जवळच्या मर्यादेपर्यंत साडेसहा मायक्रॉन उरतात, त्याला साडेसातने, म्हणजे डेव्हिएशनच्या तिपटीने, भागा, सीपीके ०.८७ होतो. मशीन तेच, टूल तेच, माणूस तोच. केवळ गरम जॉब मोजला म्हणून प्रक्रिया कागदावर ‘अक्षम’ ठरली. भोसरी-पिंपरीत गुरुवारची सुट्टी संपवून शुक्रवारी सकाळी मशीन वॉर्म-अप न करता सुरू केलं की हाच खेळ स्पिंडलच्या बाजूने होतो. पहिले पीस एका मापाचे, तास-दीड तासाने वेगळ्या मापाचे.

सिस्टीमवाल्याचं काम इथे सुरू होतं, किंवा व्हायला हवं. ‘मोजण्याआधी जॉब खोलीच्या तापमानाला आणणे’ हे कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय, कधी, कशाने तपासायचं या तक्त्यात, लिहायचं. पण गार व्हायला किती वेळ लागतो, तोवर मशीन थांबणार की चालू राहणार, चालू राहिलं तर संशयित माल किती, याचा हिशेब करूनच. सायकल टाइम ९० सेकंद असेल तर तासाला ४० पीस. तपासणी तासाला एकदा असेल आणि माप बाहेर सापडलं तर चाळीस पीस संशयित, शिवाय त्यातले काही वॉशिंगला आणि काही पुढच्या ऑपरेशनला गेलेले. रिअ‍ॅक्शन प्लॅनच्या (माप चुकलं तर काय करायचं) रकान्यात ‘सुपरवायझरला कळवणे’ एवढंच लिहिलेले कंट्रोल प्लॅन ढिगाने सापडतात. कळवून पुढे काय? मशीन थांबवा, शेवटच्या ओके पीसपर्यंतचा सगळा माल वेगळा काढा, लाल पेटीत टाका, वॉशिंगच्या ट्रेमधलेही शोधा, शंभर टक्के तपासा, ऑफसेट कोण देणार ते ठरलेलं असू द्या, नंतरचे सलग पाच पीस मोजा. हे लिहायला शॉपवर उभं राहावं लागतं. एसीत बसून ते सुचत नाही.

या नोकरीचा पाया म्हणजे आयएटीएफ १६९४९, वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक. २०१६ साली आलेलं हे मानक आयएसओ ९००१ च्या २०१५ आवृत्तीवर उभं आहे आणि त्याआधीच्या आयएसओ/टीएस १६९४९ ची जागा त्याने घेतली. त्याबरोबर पाच हत्यारं येतात: एपीक्यूपी (गुणवत्तेचं आगाऊ नियोजन), पीपॅप (उत्पादनाआधी ग्राहकाची मंजुरी), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), एमएसए (मोजणीचीच तपासणी) आणि एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नजर). मुलाखतीत पाचांची लांबलचक नावं पाठ म्हणून दाखवणारे पुष्कळ असतात. प्रत्येकात काय चुकतं ते सांगणारे कमी.

एमएसए घ्या. २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सला ०.०१ मिमी लीस्ट काउंटचा मायक्रोमीटर चालत नाही. उपकरणाची वाचनक्षमता टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शापर्यंत तरी हवी, म्हणजे इथे २ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. एक मायक्रॉन वाचणारा डिजिटल मायक्रोमीटर किंवा एअर गेज घ्या. मग जीआरआर, म्हणजे मोजणीतल्या फरकाची चाचणी: दहा पीस, तीन माणसं, दोन किंवा तीन वेळा मोजणी. दहा टक्क्यांखाली आलं तर उत्तम, तीसच्या वर गेलं तर उपकरण नापास, मधलं प्रसंग बघून. बहुतेक ठिकाणी दहा पीस लाइनवरून सलग उचलले जातात. सलग दहा पीस जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे पिसापिसातला फरक नगण्य दिसतो आणि उपकरणाची चूक टक्क्यांत फुगते. एनडीसी (उपकरण पिसांचे किती गट वेगळे ओळखतं तो आकडा) पाचच्या खाली येतो, मग कुणीतरी आकडे ‘नीट’ करतो. करायचं एवढंच असतं की वेगवेगळ्या पाळ्यांतले, टूल नवं असतानाचे आणि झिजल्यानंतरचे पीस निवडायचे. आणि मोजायला क्वालिटी लॅबमधले तिघं नकोत, मशीनवरचे ऑपरेटर हवेत. रोज मोजणार तेच आहेत.

एफएमईएमध्ये कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरची चूक’ आणि उपायाच्या रकान्यात ‘प्रशिक्षण दिले’ असं दिसलं की समजायचं, हे लिहिणाऱ्याने मशीनचं दार उघडलेलं नाही. ज्याने वरची ‘इनपुट’ची भानगड हाताने केली किंवा निस्तरली आहे तो कारण लिहील: वेअर आकडा बेरजेऐवजी बदलला गेला. उपाय लिहील: ऑफसेट किती टाकता येईल याची मर्यादा कंट्रोलमध्येच बांधणे. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए हँडबुकने जुना आरपीएन (धोक्याचा गुणाकाराने काढलेला आकडा) काढून अ‍ॅक्शन प्रायॉरिटी आणली, पण रकाने बदलले म्हणून विचार बदलत नाही.

पीपॅपला अठरा घटक, पाच लेव्हल, ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर तिसरी. त्यात प्रॉडक्शन रन एक तास ते एक पाळी आणि किमान ३०० सलग पीस अपेक्षित असतात, आणि क्षमता अभ्यासाला किमान २५ सबग्रुपमधली १०० वाचनं. निर्देशांक १.६७ च्या वर हवा. १.३३ ते १.६७ मध्ये ग्राहकाशी बोलावं लागतं. आपल्या शाफ्टचा १.४ आहे. १.६७ गाठायचा तर डेव्हिएशन अडीचवरून सुमारे २.१ मायक्रॉनवर आणावा लागेल, आणि तो एक्सेलमध्ये खाली येत नाही. जॉ, टूल होल्डरचा ओव्हरहँग, बारचा कडकपणा, कूलंटचं तापमान, यांतलंच काहीतरी हलवावं लागतं. म्हणजे पुन्हा सेटरकडे.

उलट बाजूनेही तेवढंच खरं आहे. नुसता ‘हाताचा’ सेटर प्रत्येक पीस मोजून प्रत्येक वेळी ऑफसेट देतो. दोन मायक्रॉन वर आला, दोन खाली. एक खाली आला, एक वर. मेहनती दिसतो, सुपरवायझर खूश. पण स्थिर प्रक्रियेत प्रत्येक विचलन पूर्ण दुरुस्त करत गेलं की व्हेरिअन्स दुप्पट होतो, म्हणजे पसारा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. डेमिंगने फनेलच्या प्रयोगातून हेच दाखवलं होतं. आपला अडीचचा साडेतीन होतो आणि १.४ चा सीपी १ वर येतो. हे ज्याला कळलं तो पाच-पाच पिसांची सरासरी बघतो, टूल झिजल्याचा कल ओळखतो आणि तेव्हाच ऑफसेट देतो. कंट्रोल चार्ट सेटरसाठीच असतो. भिंतीवर ऑडिटरसाठी लावायची ती गोष्ट नव्हे.

मग निवड काय करायची? माझं मत सरळ आहे: दोन्ही पत्रं खरोखर समोर असतील तर पहिली दोनेक वर्षं मशीनवर. सेटिंग येणारा माणूस पुढे सिस्टीममध्ये येऊ शकतो, आणि आला की त्याच्या कंट्रोल प्लॅनला वजन असतं. सिस्टीममध्ये पाच वर्षं काढलेला तिशीच्या उंबरठ्यावर तीन पाळ्यांत सेटिंग शिकायला सहसा जात नाही, कंपनीही पाठवत नाही. वाट एकाच बाजूने रुंद आहे.

याला अपवाद आहेत आणि ते लहान नाहीत. तीन पाळ्या काहींना झेपत नाहीत. आठवड्याला बदलणारी झोप, आठ तास उभं राहणं, कूलंटने हातांची त्वचा फाटणं, चिप्सचे काप हे रोजचं आहे, आणि त्याला कमीपणा मानायचं कारण नाही. मुलींना रात्रपाळी देण्याबाबत बऱ्याच ठिकाणी अजून हात आखडता असतो, त्यामुळे सेटर म्हणून घेतलं तरी नव्या जॉबचे सेटअप त्यांच्या वाट्याला येतात का, ते वेगळं विचारावं लागतं. आणि ज्याला लिहायला, चार खात्यांना एका टेबलाशी बसवायला, एकच मुद्दा शेवटपर्यंत लावून धरायला मनापासून आवडतं, त्याने मशीनवर दोन वर्षं कुढत काढण्यात अर्थ नाही. त्याने सिस्टीम घ्यावी, पण महिन्यातले काही दिवस शॉपवर उभं राहायची परवानगी आधीच मागून घ्यावी.

दोन्हीच्या मध्ये एक तिसरी जागा असते आणि ती फारशी कुणी मागत नाही: मेथड्स किंवा एनपीडी (नव्या मालाची तयारी करणारं खातं). नवा जॉब आला की ऑपरेशनचा क्रम, फिक्स्चर, टूल लेआउट, सायकल टाइम तिथे ठरतो, आणि त्याचाच प्रोसेस फ्लो, एफएमईए आणि कंट्रोल प्लॅनही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणाहून आलेल्यांना ही दारं लवकर उघडतात. मशीनवर दोन वर्षं काढून इथे आलात तर दोन्ही हात कामाला लागतात.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. पत्रावर ‘सेटर’ आणि प्रत्यक्षात एकच पार्ट नंबर वर्षभर, प्रोग्रामला पासवर्ड, तुम्ही दार उघडायचं, जॉब लावायचा, काढायचा. किंवा पत्रावर ‘क्यूएमएस’ आणि प्रत्यक्षात ग्राहकाच्या गोडाउनमध्ये उभं राहून परत आलेला माल निवडायचा आणि ऑडिटच्या आदल्या आठवड्यात मागल्या तीन महिन्यांची रजिस्टरं भरायची. या दोन्हींत शिकण्यासारखं पहिल्या तीन महिन्यांत संपतं.

म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हटल्यावर पगाराआधी हे विचारा. सेटरच्या जागेसाठी: महिन्याला किती नवे सेटअप होतात, ऑफसेट कोण देतं आणि प्रोग्राम बदलायची परवानगी कुणाला आहे, सॉफ्ट जॉ आत बोअर होतात की बाहेरून येतात, टूल तुटलं तर टूलरूमला फोन करायचा की कारण शोधायचं. सिस्टीमच्या जागेसाठी: या लाइनचा कंट्रोल प्लॅन शेवटचा कधी बदलला आणि कोणत्या तक्रारीनंतर. चार कस्टमर कंप्लेंट येऊनही तो पीपॅपच्या वेळच्याच रिव्हिजनवर असेल तर एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहिलेला अहवाल) कुठे जातात ते कळलं. आणि दुसरं, मला उत्पादन थांबवायचा अधिकार असेल का. आयएटीएफच्या ५.३.२ कलमात उत्पादनाच्या गुणवत्तेला जबाबदार माणसांना माल आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार हवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ‘आधी प्रॉडक्शन मॅनेजरला विचारावं लागेल’ असं उत्तर आलं तर त्या खुर्चीत बसून काय करता येईल, याचा अंदाज बांधा.

शॉप दाखवायला नेलं तर मशीनशेजारी लटकवलेल्या तपासणी शीटवर नजर टाका. खऱ्या शीटवर २४.९९२, २४.९८८, २४.९९४ अशी वाचनं वर-खाली होत जातात, मध्येच ‘इन्सर्ट बदलला’ असं खरडलेलं असतं, कडेला तेलाचा अंगठा असतो. तीन पाळ्यांची वाचनं एकाच पेनाने, एकाच अक्षरात आणि सगळी २४.९९० असतील तर त्या कारखान्यात सेटर व्हा की सिस्टीमवाले, काम एकच करावं लागेल.